आहे तशीच लावा

खैरवाडी, ता. श्रीगोंदा
९ नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

निकिता येऊन गेली. होस्टेलला तुझ्या खोलीत होती ती, उंच, चष्मेवाली. तुझी पत्र्याची पेटी तिथल्या माळ्यावर पडून होती. नव्या मुली आल्या तेव्हा रेक्टरबाईंनी ती हिच्या गळ्यात घातली. आता ती सुप्याला कंपनीत लागली आहे. श्रीगोंद्याला मामाकडे येताना पेटी घेऊन आली. तुझा पत्ताही तिनेच दिला. वाळूजला औषधांच्या पॅकिंगला जातेस, तीन मुलींत एक खोली आहे, एवढं सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी बोललेलं माघारी घेण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगते. तुझ्या आप्पांच्या तेराव्याला सगळ्या भावकीसमोर मी म्हणाले की तुझ्या पिनीनं माझा माणूस नेला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडायची पिन तू कॉलेजात केलीस. ती मोडली, उसाची ट्रॉली उतारावरून मागं आली आणि मागं तुझे आप्पा होते. जानेवारीत तीन वर्षं होतील. यात फिरवण्यासारखा शब्द मला तरी दिसत नाही.

पेटीत तुझा निळा एप्रन आहे, ऑइलच्या डागांसकट. एक स्टीलची पट्टी, दोन जाड इंग्रजी पुस्तकं आणि एक मोठी वही. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी. मराठी पानांवर सगळीकडे वरच्या कोपऱ्यात लिहिलं आहे, 'आप्पांसाठी'.

हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी ते तुझा फोन घेऊन गोठ्याकडे जायचे आणि अर्ध्या तासानं येऊन मला सांगायचे, आज पोरीनं लोखंड काकडीसारखं सोललं, आज पोरीनं लोखंड वितळवून ओतलं. मला वाटायचं दोघं मिळून माझी चेष्टा करता. तू वही सुट्टीत घरी आणायचीस, ती त्यांना वाचून दाखवायला आणायचीस, हे आता कळलं.

वही मी वाचायला घेतली आहे. चालत नसेल तर कळव. नाही कळवलंस तरी वाचणार आहे. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचल्याशिवाय मी चुलीत घालत नाही, हे तुला माहीत आहे. चौथीनंतर माझी शाळा तीच झाली.

आई

२३ नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

तुझं पत्र आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

वही निम्मी झाली. पहिल्यांदा काही कळेना, मग रोज दुपारी भांडी झाली की चार पानं, असं ठरवलं. ओतकाम म्हणजे गुळाची ढेप, लोखंड तापवून ठोकणं म्हणजे भाकरी थापणं, लेथ म्हणजे काकडी सोलणं. आप्पांना समजावं म्हणून तू लिहिलंस, मलाही समजलं. एका पानावर तुझ्या सरांचं वाक्य आहे, की वस्तूला आयुष्यात काय सोसायचं आहे ते आधी विचारा, धातू मग निवडा. सोयरीक जुळवताना आम्ही बरोबर उलटं करतो.

बिडाच्या तव्याचं पान वाचून मला हसू आलं. तू लिहिलं आहेस, 'आईचा बिडाचा तवा कठीण, पण हातातून पडला की फुटतो. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, फुटत नाही. कठीण वेगळं आणि चिवट वेगळं.' तो तवा तू आठवीत असताना फोडलास आणि मी तुला लाटणं घेऊन अंगणभर पळवलं होतं. त्याचा असा उपयोग झाला म्हणायचा.

कठीण वेगळं आणि चिवट वेगळं. हे मी दोन दिवस मनात घोळवते आहे. आम्ही दोन्हीला एकच शब्द वापरतो, भक्कम.

इकडचं सांगायचं तर कारखाना सुरू झाला. पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरल्या. चारीच्या पुलापाशी घिसाड्यांची पालंही पडली आहेत, दरवर्षीसारखी. सहादेव भाऊजी अजून ट्रॅक्टरवर बसत नाहीत. त्या दिवशी तेच चालवत होते. शेतातून सडकेवर चढताना आप्पा नेहमीसारखे ट्रॉलीच्या मागं दगड घेऊन चालत होते, चाकाला लावायला. भाऊजींनी क्लच झटक्यानं सोडला असं लोक म्हणतात. ते नाही म्हणत नाहीत. आले की ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि पायाकडं बघत राहतात.

एक्केचाळीसाव्या पानावर आले आहे. तिथं आपल्या पिनीचं चित्र आहे, मापं घालून. ते उद्या वाचणार. आज नको वाटलं.

आई

२४ नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

तू लिहिलेलंच तुला परत लिहून पाठवते. मी बरोबर वाचलं का ते बघ.

'आप्पा, पिनीसाठी मी मध्यम कार्बनचं पोलाद घेतलं. सर म्हणाले साधं लोखंडही चालेल, पण ते लवकर झिजेल. पोलाद जसं आणलं तसंच वापरायचं. ट्रॅक्टर झटका देतो, म्हणून पिन चिवट पाहिजे, कठीण नको. ओझं जास्त झालं तर ती आधी वाकेल. वाकलेली दिसली की काढून टाका. हिला पाणी देऊ नका. पाणी दिलं तर ती न सांगता मोडेल.'

पाणी देणं याला डाव्या पानावर इंग्रजीत काय आहे ते मला वाचता येत नाही. आपल्याकडे पाणी देणं कशाला म्हणतात ते येतं. लोखंड लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं, कोयत्याला देतात तसं.

हे पान तू आप्पांना का दाखवलं नाहीस? बाकीची सगळी पानं दाखवलीस, हेच का नाही?

तिन्हीसांजेला परत वही उघडली. पानाखाली सरांची सही आहे, तारीख २० जानेवारी. आप्पा १९ ला गेले. म्हणजे वही तपासायला सरांकडे होती.

आज एवढंच.

आई

३० नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

वही वाचायची थांबवली आहे. डोळे दुखतात. श्रीगोंद्याला जाऊन चष्मा बदलीन म्हणते.

कपिलेला कालवड झाली. कपाळावर चांद आहे. बोरं पिकायला लागली. शेजारच्या छबूबाई तुझी आठवण काढत होत्या.

पेटीसाठी तू मुद्दाम येऊ नकोस. निकिताच्या हातून पाठवून देईन.

आई

७ डिसेंबर २०२५

सुकन्या,

माझे डोळे दुखत नव्हते.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिली दोन लिहिली त्यात प्रत्येक वाक्याला 'पण' येत होता. आता सरळ लिहिते.

त्या संक्रांतीला तू पिन घेऊन आलीस. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, चांदीसारखी चकचकीत. आप्पांनी ती आधी देवापुढं ठेवली, मग शर्टाच्या बाहीनं पुसली, मग ओट्यावर जो येईल त्याच्या हातात दिली. सहादेव भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही देव्हाऱ्यातच ठिवा. ट्रॉलीला कशाला, मळंल की." सगळे हसले. तूही हसलीस. मग भाऊजींनी कानस आणली आणि पिनीवर ओढली. बारीक रेघ पडली. "मऊ हाय ओ दादा. पोरीच्या हातची," एवढं म्हणाले. चेष्टेनं म्हणाले, पण तुझं तोंड उतरलं. तू काहीतरी समजावायला लागलीस, ते कुणी ऐकलं नाही, तिळगुळाचं ताट फिरत होतं.

जाताना तू मला एसटी स्टँडवर सांगितलंस, "आई, पिन आहे तशीच लावा." मला वाटलं मन मोठं करून म्हणते आहेस, की असेल मऊ तर असू दे. असाच मी अर्थ घेतला. सांगितलेलं ऐकायचं सोडून मी तुझ्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दळण गिरणीत ठेवलं आणि पिशवीत पिन घालून मी पुलापाशी घिसाड्यांच्या पालावर गेले. तिथं रंगुबाई होती. टोळ्यांच्या कोयत्यांना पाणी तीच देते. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण ही मारते. त्या दिवशी एकटीच होती. तिनं पिन हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "बाई, ह्यानं काय कापायचंय?"

मी म्हटलं, कापायचं नाही, ओढायचं आहे.

"मंग पानी कशाला? पानी धारंला असतं."

मी म्हटलं, "दे गं तू. पोरीनं केलीया, मऊ ऱ्हायली. लोकं हसत्यात तिला."

तिनं भाता मारला. पिन लाल झाली, तिनं ती पाण्यात सोडली. तेव्हा ती जी ओरडली तो आवाज माझ्या कानात अजून आहे. तेव्हा मला तो चांगला वाटला होता. बाहेर काढली तर काळीनिळी. रंगुबाई म्हणाली, "थांब, परत जरा शेकू दे. न्हाईतर लई तडक व्हईल, काचंवानी." मी म्हटलं, राहू दे, दळणाला नंबर लागला असेल. तिच्याकडची कानस घेतली आणि भाऊजींसारखी ओढून बघितली. कानस घसरली. रेघ पडली नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिला घरचे तिळाचे लाडू बांधून दिले.

आप्पांना पिन दिली तेव्हा ते म्हणाले, ही काळी कशी झाली. मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. ते खूप हसले. म्हणाले, "पोरीला तीट लावायची तू इसरायचीस, आन् पिनीला लावलीस व्हय." आणि ट्रॉलीला घालून टाकली. १९ तारखेला चौथी खेप होती.

तुझ्या वहीचं चव्वेचाळिसावं पान मी आता वाचलं आहे. चिवट धातू मोडण्याआधी ताणला जातो, तुटलेलं तोंड मातकट दिसतं. कठीण झालेला धातू मोडला की तोंड साखरेसारखं दाणेदार आणि चमकतं. तू साखरच लिहिलं आहेस, दुसरं काही नाही. सुकन्या, मी ते तोंड त्याच दिवशी बघितलं होतं. पंचनाम्यानंतर पोलिसांनी दोन तुकडे माझ्या हातात दिले, 'पिन तुटून' असं लिहून घेतलं होतं. पिन जरासुद्धा वाकलेली नव्हती. मधोमध तुटली होती आणि तोंडावर साखर चमकत होती.

तेराव्याला मी तुला बोलले, तेव्हा तू उलट उत्तर दिलं नाहीस. एकच म्हणालीस, "आई, तुकडे दाखव." आणि मी म्हणाले, "मारून झाल्यावर काय बघतीस."

तुकडे मी रागानं दाखवले नाहीत, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. राग होताच. पण ती पिन काळी झालेली तू बघशील आणि विचारशील, हेही होतं. पाणी दिल्यानं ती मोडली हे मला माहीत नव्हतं, हे मी कपिलेच्या पाठीवर हात ठेवून सांगेन. पण कुणाला न सांगता मी काहीतरी केलं होतं आणि ते दिसू नये असं मला वाटत होतं. या दोन गोष्टी एका बाईच्या पोटात एकाच वेळी राहू शकतात, हे मला आत्ता कळतं आहे.

२ तारखेला मी पुलावर गेले. रंगुबाई तिथंच, केस पिकले आहेत. तीन हंगामांत तिच्या हातून किती कोयते गेले असतील, म्हणून मी विचारलं, एक पिन आणली होती मी, आठवते का. ती म्हणाली, "कोयतं हजार झालं बाई, पिन एकच." आणि मग हसून विचारलं, "टिकली का?"

तिला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी टोळीबरोबर तिचं पाल आठवड्यातच पुढं गेलं होतं.

मी सांगितलं. तिनं घण खाली ठेवला, विस्तवापासून उठली आणि बाजूला पाटाच्या कडेला जाऊन बसली. तिथून म्हणाली, "मी न्हाई म्हनायला पायजे हुतं." मी म्हटलं, "तू म्हणालीच हुतीस, रंगुबाई. दोनदा म्हणालीस."

तुझं लेथवरचं काम बरोबर होतं. तुझा धातू बरोबर होता. तू लिहून ठेवलं होतंस, तोंडानं सांगितलंही होतंस. मी तुझ्या पिनीला पाणी दिलं आणि मग तुला बोलले. आणि तू शिकणं सोडून गोळ्यांची पाकिटं भरायला गेलीस, कारण तुला वाटलं तुझा धातू चुकला.

हे वाचून तू काय करायचं ते मी सांगणार नाही.

आई

१६ डिसेंबर २०२५

सुकन्या,

आधीचं पत्र मी लिहून पाच दिवस डाळीच्या डब्यात ठेवलं होतं. १२ ला पोस्टात टाकलं. उशीर पोस्टाचा नाही, माझा आहे.

टाकल्यावर घरी आले तर सहादेव भाऊजी ओट्यावर बसलेले. तुला सांगितल्यावर त्यांना न सांगणं बरं दिसेना. चहा दिला आणि सगळं सांगितलं. कपबशी त्यांनी खाली ठेवली नाही, हातातच राहिली. बशीतला चहा सांडून धोतरावर गेला तरी कळलं नाही. मग म्हणाले, "वहिनी, मंग मी तीन वर्सं त्यो क्लच धरून बसलोय, त्येचं काय?"

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळून म्हणाले, "कानस मीच आनली हुती." मग गेले. तेव्हापासून आलेले नाहीत. मी रोज दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते.

छबूबाईंना बाहेरून कळलं. त्या मला समजवायला आल्या, की झालं ते झालं, आता कशाला उकरायचं, पोरगी गप आहे ना. पोरगी गप आहे म्हणूनच, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. गावात आता दोन तट आहेत. निम्मे म्हणतात लंकाबाईचं डोकं फिरलं, वह्या वाचून फिरलं. निम्मे म्हणतात, नवऱ्याला हिनंच मारला. मी किराणा आणते, दळण आणते. गिरणीत मात्र नंबर लागेपर्यंत थांबवत नाही, बाहेर येऊन उभी राहते.

काल पिनीचा एक तुकडा तुला रजिस्टर पार्सलनं पाठवला. डोक्याकडचा. पोस्टातल्या मुलीनं विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं लोखंड. ती म्हणाली, "मावशी, लोखंड तिकडं मिळत न्हाई व्हय? वाळूजला सगळं लोखंडच हाय." मी म्हटलं, हे मिळत नाही.

तुकडा आप्पांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळला आहे. ते हत्यारं तशीच ठेवायचे, ऑइल लावून. मीही तीन वर्षं तसंच ठेवलं, दर पाडव्याला ऑइल लावून. का लावते ते माहीत नसताना लावलं. त्यामुळे तोंड गंजलेलं नाही. तू तेव्हा मागितलेलं तुला आता मिळतं आहे.

निकिता म्हणते की राहिलेल्या विषयांचा फॉर्म अजून भरता येतो, उन्हाळ्यापर्यंत. हे तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. माझं यावर काही म्हणणं नाही. तुझ्या बाबतीत मी एकदाच मोठ्यानं बोलले, तेवढं एका जन्माला पुरे.

आई

११ जानेवारी २०२६

सुकन्या,

सकाळी निकिता आली. तिच्या मोबाईलवर तुझा मेसेज होता. तिनं वाचून दाखवला, मग मी फोन हातात घेऊन स्वतः वाचला. ती म्हणाली, काकू, बसा. मी बसलेलेच होते.

तू मला चार गोष्टी लिहिल्या आहेस. त्यात आई हा शब्द नाही, बाकीही काही नाही. मी चार वेळा वाचला. मग पुलावर जाऊन आले, कारण एका प्रश्नाचं उत्तर मला एकटीला देता येईना. आता क्रमानं सांगते.

पिन किती लाल केली होती, असं तू विचारलंस. रंगुबाई म्हणाली, पिकल्या बोरासारखी. खात्री करायला तिनं शेजारच्या बोरीवरून एक बोर तोडून दाखवलं. अगदी पिकलेलं, काळसर व्हायच्या आधीचं. ते मी कागदात गुंडाळून या पाकिटात घातलं आहे. पोचेपर्यंत सुकेल, पण रंगाचा अंदाज येईल.

पाणी कसलं होतं. पाटाचं, गार. जानेवारीतलं. तेल नव्हतं.

पाण्यातून काढल्यावर परत शेकली होती का. नाही. ती शेकते म्हणाली होती. मी थांबले नाही. दळणाला नंबर लागला असेल म्हणून. खरं म्हणजे गिरणीत जाऊन पोचले तेव्हा माझ्या आधी अजून दोन बायका होत्या.

रंगुबाईनं विचारलं, हे कोण विचारतंय. मी म्हटलं, पिन केली ती. तर ती म्हणाली, "तिला म्हनावं एकदा ये. शेकायचं कसं त्ये पुस्तकात कळंल न कळंल, मी दावते." हे तिचं म्हणणं आहे, मी माझ्या मनाचं घातलेलं नाही.

परत येताना सहादेव भाऊजी चारीच्या चढावर दिसले. ट्रॅक्टर उभा होता, रिकामा, ट्रॉली नाही. ते सीटवर बसले होते. इंजिन बंद होतं. मी थांबले नाही, त्यांनीही हाक मारली नाही. पण सीटवर होते.

तुझ्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान मी आता वाचलं. वर 'मोडलेल्या वस्तूची तपासणी' असं आहे, खाली आखलेलं कोष्टक, आणि 'निष्कर्ष' या शब्दापुढं सगळं कोरं. ते सगळ्यांना दिलेलं काम होतं, आपल्या पिनीचं नव्हतं, हे मला तारखेवरून कळतं. तरी बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. पेन हातात होतं. काही लिहिलं नाही. ते पान तुझं आहे.

चौथी गोष्ट. दुसरा तुकडा घासू नको, धुऊ नको, तोंडाला हात लावू नको, मला तो बघायचा आहे, असं तू लिहिलंस. पोस्टानं पाठव असं लिहिलेलं नाहीस. ते मी दोनदा बघितलं.

घासलेला नाही. धुतलेला नाही. फडताळात वरच्या फळीवर आहे, आप्पांच्या चष्म्याशेजारी.

या वेळी आहे तसाच ठेवला आहे.

आई